दीड इंचाचा सडका राक्षस रंगवतात तरी कसा?

दीड इंच उंचीचा प्लॅस्टिकचा राक्षस. पोट फुटलंय, आतडी बाहेर लोंबतायत, अंगभर फोड, कपाळाखाली एकच डोळा, वर एक शिंग, आणि एवढं होऊनही चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान. असली बाहुली लोक स्वतःच्या पैशानं विकत घेतात आणि रात्र रात्र बसून ब्रशनं रंगवतात, आणि हो, आपल्या कोल्हापुरातपण असली माणसं आहेत. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतोय, "रंगवायचंच हाय तर जरा बरं काहीतरी रंगव की, हे काय वंगाळ घेऊन बसलायस." प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी हे आलं कुठनं ते थोडक्यात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे, तिनं १९८३ साली वॉरहॅमर हा खेळ काढला आणि १९८७ ला त्याचा अंतराळातला भाऊ, वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड. टेबलावर दोन सैन्यं मांडायची, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढायचं. पण सैनिक तयार रंगवलेले मिळत नाहीत, प्लॅस्टिकच्या फ्रेमवर हात वेगळे, डोकी वेगळी असे सुटे येतात, कापायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे आपण. त्यात किती लोक खेळ बाजूला ठेवून नुसते रंगवतच बसतात. या जगात चार दुष्ट देव आहेत, त्यातला एक नर्गल, रोगाचा आणि कुजण्याचा देव, माश्या त्याच्या, सात आकडा त्याचा. गंमत म्हणजे हा देव रागीट नाही, प्रेमळ आहे, भक्त त्याला आजोबा म्हणतात आणि आजोबा नातवंडांना खाऊ द्यावा तसे रोग वाटतात. आपल्याकडं मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायची पद्धत होती, म्हणजे आई तू आता पुढं जा. नर्गलचे भक्त उलटे, ते आजोबांना घरात बोलावतात. आपला दीड इंचाचा राक्षस याच नर्गलचा, म्हणून त्या राक्षसाच्या तोंडावर हसू असतं आणि ते हसू रंगवताना घालवलं की सगळी मजाच गेली.

आणि हे फक्त खेळण्यातलं खूळ आहे असंपण नाही. ग्रुनेवाल्ड नावाच्या जर्मन चित्रकारानं १५१२ ते १५१६ च्या दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी वेदीवरची मोठी चित्रं काढली, आज ती फ्रान्समध्ये कोलमारच्या म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या एका चित्राच्या कोपऱ्यात एक प्राणी पडलाय, पोट फुगलेलं, कातडी हिरवट, अंगभर गळवं. त्या मठात ज्या रोग्यांची सेवा व्हायची त्यांना राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीनं विषबाधा झालेली असायची, हातपाय जळल्यासारखे व्हायचे, सडून गळून पडायचे. ती बुरशी म्हणजे अरगट, आपल्याकडं बाजरीवर जो अरगट पडतो त्याचीच जवळची नातलग. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी एक माणूस खरा रोग बघून, नीट अभ्यास करून, ओंगळ रंगवत होता आणि ते देवाच्या वेदीवर लागलं होतं. घरी वाद घालताना हा मुद्दा काढता येतो, चालतोच असं नाही.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस असला राक्षस हातात घेतला की काय करतो, सगळा हिरवा करतो, सगळ्या फोडांवर पिवळा, सगळीकडं लाल, सगळीकडं चिखल, आणि शेवटी समोर उरतो तो एक हिरवा-तपकिरी गोळा. रोग दिसतच नाही. कारण रोग दिसतो तो शेजारच्या निरोगी कातडीमुळं. गोऱ्यापान पाठीवर एक गळू असलं तर आपण दचकतो, सगळी पाठच गळवांची असली तर नजर घसरून जाते. त्यामुळं या कामात खरं कौशल्य घाण करण्यात नाही, कुठं घाण करायची नाही हे ठरवण्यात आहे. पुढचं सगळं तंत्र मी याच अंगानं सांगणार आहे.

सुरुवात आकारापासून. या छोट्या बाहुल्यांचं, म्हणजे मिनिएचरचं, माप असं की साधा माणूस साधारण २८ मिलीमीटरचा होतो. त्याच्या पोटावरची सुरकुती पाव मिलीमीटर खोल, खोलीतला ट्यूबलाइटचा उजेड चारी बाजूंनी येतो, त्यामुळं त्या सुरकुतीत पडणारी खरी सावली हातभर अंतरावरून डोळ्याला कळतच नाही. म्हणून सावली आपणच रंगवायची आणि उजेडपण आपणच रंगवायचा. गणपतीच्या आधी कधी शाहूपुरीतल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीत उभं राहून बघा, अंगाचा रंग मारून झाला की स्प्रे गननं पोटाच्या घडीत, बोटांच्या मध्ये, सोंडेच्या वळ्यात गडद शेड मारतात, हेच तत्त्व. मूर्ती दोन फुटाची असो की दीड इंचाची, खोलगट जागा गडद आणि उंचवटा फिकट. फक्त आपल्याकडं गन चालवायला जागा नाही म्हणून वेगळा उपाय करतात, त्याकडं येतोच.

त्याआधी प्रायमर. प्लॅस्टिकवर अॅक्रिलिक रंग धरत नाही, नखानं निघतो, म्हणून आधी प्रायमर लागतो. बाटलीवर लिहिलेलं असतं की स्प्रे प्रायमर चांगला हलवा आणि पातळ हात मारा, पण ते लिहिणाऱ्यानं जुलैतलं कोल्हापूर बघितलेलं नसतं. दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरकी झाक येते, पृष्ठभाग खरखरीत होतो. एप्रिल-मे मधल्या दुपारी उलटं, रंगाचे थेंब मॉडेलवर पोचायच्या आधीच हवेत वाळतात आणि वर भुरभुरीत धूळ बसते. म्हणून पावसाळाभर ब्रशनं लावायचा प्रायमर वापरायचा आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गच्चीवर स्प्रे मारायचा. एक चांगली पद्धत म्हणजे आधी सगळं काळं करायचं आणि मग फक्त वरून पांढरा मारायचा, म्हणजे सूर्य डोक्यावर असल्यासारखा उजेड आपोआप पडतो आणि पुढं कुठं फिकट ठेवायचं त्याचा नकाशाच तयार मिळतो.

ब्रशबद्दल एकच सांगतो. बारीक काम म्हणून लोक तीन शून्याचा ब्रश घेतात. त्या ब्रशच्या पोटात रंग मावतच नाही, टोकावर येईतोवर वाळतो. एक नंबरचा किंवा दोन नंबरचा घ्या, पण टोक सुईसारखं पाहिजे. आणि रंग पातळ पाहिजे. त्यासाठी झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, झाली ओली पॅलेट, रंग दिवसभर ओला राहतो. मेणाचा कागद मात्र घेऊ नका, त्यातनं पाणी वर येत नाही.

आता तो गनच्या ऐवजीचा उपाय, वॉश. वॉश म्हणजे अगदी पातळ गडद रंग, पण नुसतं पाणी घातलेला नाही. नुसत्या पाण्याला पृष्ठताण असतो, ते थेंब धरून उंचवट्यावरच बसतं. वॉशमध्ये तो ताण मोडणारं माध्यम घातलेलं असतं, त्यामुळं द्रव उंचवट्यावरून सरकतो आणि सुरकुत्यांत, फोडांच्या बुडाशी, दातांच्या फटीत जाऊन बसतो. एक हात फिरवला की सगळ्या सावल्या तयार, जादू वाटते. मग लोकांना चटक लागते आणि सगळ्या मॉडेलला वॉशमध्ये आंघोळ घालतात, मघाशी सांगितलेला तपकिरी गोळा होतो तो इथं. वॉश घडीत घाला, पोटाच्या सपाट भागावर नको.

सपाट भागावर अजून एक भानगड असते. चहाचा थेंब टेबलावर वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद रिंगण राहतं, कारण थेंबाच्या कडा आधी वाळतात, आतलं पाणी कडेकडं ओढलं जातं आणि जाताना रंगाचे कण बरोबर नेतं. वॉशचंपण तसंच होतं. चकचकीत चिलखत रंगवणारे या रिंगणांना घाबरतात, निम्मं आयुष्य ती टाळण्यात घालवतात. आपण ती मुद्दाम पाडतो. पोटावर एक पातळ तपकिरी-जांभळा थेंब ठेवायचा, पसरवायचा नाही, पुसायचा नाही, वाळू द्यायचा, कातडीवर जुना डाग पडल्यासारखी कड मिळते आणि ती ब्रशनं काढलेली वाटतच नाही.

आता कातडी. खरी कातडी अपारदर्शक नसते, आतलं रक्त वर डोकावतं, म्हणून निरोगी माणसाचे ओठ, कान, बोटांची पेरं जरा लालसर दिसतात. आजारी दाखवायचं म्हणजे या आतल्या रंगाशी खेळायचं. मेलेलं मांस म्हणून हिरवा का चालतो याचं एक कारण असं की हिरवा हा लालाच्या बरोबर उलट आहे, हिरवट कातडी बघितली की डोळा म्हणतो इथलं रक्त गेलं. तेराव्या-चौदाव्या शतकातले इटालियन चित्रकार चेहऱ्याखाली आधी हिरवट मातीचा रंग द्यायचे आणि वरून गुलाबी चढवायचे, त्यामुळं चेहरा जिवंत वाटायचा. पुढं जिथं जिथं तो गुलाबी थर उडाला तिथल्या मेरीमाता आज आजारी दिसतात. आपण त्यांचंच काम अर्धवट सोडून देतो, एवढंच.

पण हिरवा म्हणजे ट्यूबमधला पोपटी नव्हे. ऑलिव्ह ग्रीन घ्या, त्यात यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि भरपूर पांढरा, म्हणजे मळकट हस्तिदंती रंग होतो, हिरवटपणा शेजारी लाल ठेवल्यावरच कळेल इतपत. हाच तो निरोगी भाग, राक्षसाच्या मानानं निरोगी. आणि पेन्सिलनं नको, पण मनातल्या मनात निम्म्यापेक्षा जास्त अंग याच रंगात सोडायचं ठरवून टाका.

मग ग्लेझ. ग्लेझ म्हणजे वॉशपेक्षापण पातळ रंग, पण तो वाहू द्यायचा नसतो. ब्रश बुडवायचा, टिश्यूवर टेकवून जवळपास कोरडा करायचा आणि मग ओढायचा. ब्रश जिथं उचलाल तिथं रंग जास्त साठतो, त्यामुळं ओढ नेहमी गडद हवं त्या बाजूला. एक थर दिसतसुद्धा नाही, चार-पाच थरांनी कातडीच्या आतनं रंग आल्यासारखा होतो. इथं मुक्या माराचं गणित कामाला येतं. मार लागला की आत रक्त साकळतं, पहिल्यांदा लाल, मग निळं-जांभळं, मग शरीर त्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडायला लागतं, त्यातनं आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं, मग बिलिरुबिन, ते पिवळं. कावीळ झाली की डोळे पिवळे होतात ते याच बिलिरुबिननं. म्हणजे जुन्या माराच्या डागात मध्ये जांभळा, भोवती हिरवट, कडेला पिवळा असा क्रम दिसतो, आणि तोच क्रम ग्लेझनं दिला की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण पोटात कालवतं. क्रम उलटा केला तर नुसतं रंगीबेरंगी दिसतं, होळी खेळून आल्यासारखं.

आता एकच फोड घेऊन बघू. पोटावरचा, दोन मिलीमीटरचा, बाकीचे सोडून द्या. फोडाच्या भोवती, फोडापेक्षा तिप्पट जागेत, अलिझरिन क्रिमसनचं, म्हणजे गडद लालाचं, अगदी पातळ ग्लेझ, कडा पाण्यानं विरवून टाकायच्या. वाळलं की जरा आतल्या वर्तुळात क्रिमसन आणि जांभळा एकत्र. मग फोडाच्या बुडाशी, जिथं तो कातडीतनं वर येतो तिथं, लालसर तपकिरी बारीक रेघ, पण पूर्ण गोल नको, एका बाजूला जाड आणि एका बाजूला तुटलेली, कारण पूर्ण गोल काढला की बटण दिसतं. मग फोडाच्या डोक्यावर यलो ऑकर, त्याच्या आत पांढरा मिसळलेला पिवळा, त्याच्या आत हस्तिदंती ठिपका, हा ठिपका मधोमध नाही, जिकडनं उजेड येतो त्या बाजूला. नुसता हा आतला भाग केला तर फोड सुजलेला दिसतो, ठणकत नाही. ठणकायला लागतो तो बाहेरच्या त्या पातळ लालीमुळं, जिला लोक कंटाळून वगळतात. एवढं करायला सहज वीस मिनिटं जातात आणि अंगावर असे चाळीस फोड असले तर सगळ्यांना हीच सेवा द्यायची नाही. चेहऱ्याजवळचे दोन-तीन असे करा, बाकीच्यांना नुसतं बुडाशी वॉश आणि वर एक पिवळा टिपका, नजर ज्यांच्यावर थांबते तेच बघितले जातात.

संदर्भासाठी फोटो बघावे लागतात, आणि इथं माझं एक मत आहे. खऱ्या रोग्यांचे फोटो मोबाइलमध्ये गोळा करून त्यावरनं खेळणं रंगवू नये. ज्याच्या अंगावर ते आहे त्याच्यासाठी ती हौस नाही. आणि गरजपण नाही, आपल्याकडं शिरोळला जा नाहीतर कागलला, उसाच्या फडात काय कमी रोग आहेत का. पानावरचा तांबेरा बघा, आधी लांबट पिवळे ठिपके, मग ते नारिंगी-तपकिरी होतात आणि भोवती फिकट पिवळं-हिरवं वलय राहतं, राक्षसाच्या खांद्यावर हे हुबेहूब उतरतं. लाल कूज लागलेला ऊस उभा चिरला तर आत लाल आणि त्यात आडवे पांढरे पट्टे, वर आंबूस वास. फाटलेल्या पोटाच्या आतलं मांस रंगवायला यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही, कारण नुसतं लाल मांस खाटकाच्या दुकानातलं वाटतं, ताजं वाटतं, लालात फिके पट्टे आले की ते नासलेलं वाटतं. काणी लागली की शेंड्यातनं काळा चाबूक बाहेर येतो, त्याचं तर शेपूट करता येईल. शेतकऱ्याला हे ऐकवू नका फक्त.

राक्षसाच्या हातातली शस्त्रंपण सडकी लागतात आणि तिथं लोक गंज म्हणून सगळीकडं नारिंगी थापतात. शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीच्या मागं भंगार पडलेलं असतं, पाच मिनिटं थांबून बघा. गंज सगळीकडं सारखा नसतो, जिथं पाणी थांबतं तिथं असतो, बोल्टच्या डोक्याखाली, सांध्यात, खालच्या कडेला, आणि तिथनं ओघळ खाली येतात, वर कधी जात नाहीत. जुना गंज गडद तपकिरी, ताजा नारिंगी. म्हणून आधी स्पंजचा तुकडा बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरीत, बुडवून, टिश्यूवर टिपून, कडांना टेकवायचा, मग त्याच डागांच्या आत, कमी जागेत, नारिंगी. पात्याची धार मात्र स्वच्छ चंदेरी ठेवा. सगळंच गंजलेलं असलं तर ते शस्त्र राहत नाही, भंगार होतं. जाड खपली हवी असेल तर रंगात खायचा सोडा मिसळा, वाळल्यावर छान खरखरीत होतं. पितळेवर गंज नसतो, तिथं हिरवट-निळा काट चढतो, ज्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं त्या भांड्याच्या काठाला बघा. पातळ फिरोजी रंग फक्त खाचांत सोडायचा. हा हिरवट-निळा आणि कातडीवरचा लाल जवळ आले की दोघंही उठून दिसतात.

मळ आणि चिखल यासाठी तैलरंग मला अॅक्रिलिकपेक्षा बरे वाटतात. ट्यूबमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा, लावायचा आणि अर्ध्या तासानं कानकाडीनं पुसायचा, वरून खाली. तैलरंग सावकाश वाळतो म्हणून चुकलं तर पुसता येतं, आणि हवं तेवढंच ठेवता येतं. त्याआधी खालच्या अॅक्रिलिकवर वार्निशचा एक हात पाहिजे, आणि खिडकी उघडी पाहिजे. ब्रशचं टोक जिभेवर करायची सवय असेल तर ती इथं सोडा.

फोड कमी पडले असं वाटत असेल तर वाढवतापण येतात. सुपरग्लूचा थेंब टाकून वर खायचा सोडा भुरभुरला की क्षणात दगडासारखं घट्ट होतं, पुटकुळ्यांसारखं खडबडीत. वाफ येते, तोंड लांब ठेवा. एम-सीलच्या बारीक गोळ्या करूनपण लावता येतात, फक्त भराभर काम करायचं, ते लवकर धरतं. अर्थात हे सगळं प्रायमरच्या आधी.

शेवटी ओलेपणा. पू ओला, आतडी ओली, जीभ ओली, डोळा ओला, आणि बाकी सगळं कोरडं. ओलं दिसणं म्हणजे दुसरं काही नाही, उजेड टोकदार चमकून परत येणं. म्हणून आधी सगळ्या मॉडेलला मॅट वार्निश, म्हणजे सगळी चमक मरते, आणि त्याच्यानंतर ब्रशच्या टोकानं फक्त ओल्या जागांवर ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश. हा क्रम उलटा झाला तर मॅट त्या ग्लॉसलाच खाऊन टाकतो. गेम्स वर्कशॉपनं यासाठी नर्गल्स रॉट नावाचा तयार चकचकीत पिवळट-हिरवा रंगच काढलाय, छान आहे, पण पिवळ्या-हिरव्यात ग्लॉस घालून घरी काम भागतं. लाळेची तार हवी असेल तर ट्यूबमधला पारदर्शक सॉल्व्हंटचा गोंद घ्या, काडीनं वरच्या दाताला टेकवून खालच्या दातापर्यंत ओढा, तार धरते, मग त्यावर ग्लॉस. एक तार पुरे, फार तर दोन.

ग्लॉस पावसाळ्यात वाळायला वेळ घेतो, वरवर वाळल्यासारखा वाटला तरी बोट लावलं की ठसा उमटतो. रात्रभर डबा पालथा घालून ठेवा, नाहीतर पंख्याची धूळ त्यावर जाऊन चिकटते, आणि एवढ्या मेहनतीनं केलेल्या पुवावर बसलेली खरी धूळ अजिबात रोगट दिसत नाही, नुसती धूळच दिसते.